समुद्रावर चार दिवस

जमादाराने बंदुकीच्या नळीने गाडीवरचा तट्ट्या वर केला आणि आत पाहिलं.

"किधर?"

"मुंबईला," गाडीतून खाली उतरून उद्धव म्हणाला. "वाशीमपर्यंत ही गाडी, पुढं मोटार, मग आगगाडी. चार दिवस समुद्रावर राहून येतो."

उद्धव हिंगोलीच्या शाळेत मास्तर होता. गाडीत त्याची बायको सरला आणि आई गोजरबाई. सन अठ्ठेचाळीसचा मे महिना. समोर पैनगंगा, गुडघाभर पाण्याची. पलीकडे वऱ्हाड, तिथं निजामाचा हुकूम चालत नव्हता. अलीकडे हा नाका. तो कुणी बसवला हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नाक्यावरच्यांनी गावातली काही माणसं या महिन्यात घरातून उचलून नेली होती. त्यातलं कुणी परत आलं नव्हतं. आता पाळी मास्तराची, असं बाजारात उघड बोललं जात होतं.

"समुंदर!" जमादार हसला. "हम तो देखे इच नहीं. क्या करते वहाँ चार रोज?"

तो सरलाकडे बघत होता. समुद्र तिनेही पाहिलेला नव्हता.

"वाळूत बसायचं," ती म्हणाली. "शिंपले वेचायचे."

"और?"

"लाटांत पाय भिजवायचे. शहाळ्याचं पाणी प्यायचं."

"और?"

"सांजच्याला बोटी बघायच्या."

जमादाराने पिठाचा डबा ओढून घेतला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हाताला लागलेला बाळकृष्ण त्याने वर काढला. मग अन्नपूर्णा. मग चांदीचे टाक. एकेक देव त्याने गाडीत सरलाच्या पायाशी मांडला.

"चार रोज की सैर, और घर के सारे भगवान?"

गाडीवान ग्यानबा बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवू लागला.

गोजरबाई पुढं सरकल्या. "समुद्राची आंघोळ घालायला घेतले, बाबा. माझं वय झालं. पुन्यांदा कवा घडायचं?"

जमादाराने हातावरचं पीठ झटकलं.

"बराबर. जाओ, अम्मा."

ग्यानबाने कासरा ओढला. उद्धवने चढायला पाय उचलला, तशी बंदुकीची नळी त्याच्या छातीवर आडवी आली.

"मास्टर नहीं. सैर को जानेवाले लौट के आते. तुम लौटो, मास्टर कू ले जाओ. तब तक हमारा मेहमान."

"मग आमाला बी न्हाई जायचं," सरला म्हणाली आणि उतरू लागली.

उद्धवने तिचं मनगट धरून तिला पुन्हा बसवलं. एवढ्या उन्हात त्याचे हात गार होते. तो मोठ्याने हसला.

"येडी का काय? इतकं निघालीस, आता बघून ये. आईला पाण्यात लई आत नेऊ नको." उपरण्याने बाळकृष्णाचं पीठ पुसून त्याने तो तिच्या ओंजळीत ठेवला. "आन् करमलं तर ऱ्हा तिथंच. परत यायची घाई करू नको."

"तू कवा येशील रे?" गोजरबाईंनी विचारलं.

"ग्यानबा, हाक गाडी," उद्धव म्हणाला.

बैल उतारावरून पाण्यात शिरले. चाकं वाळूत रुतली, पुन्हा सुटली. गोजरबाई मागं वळून बघत होत्या. सरलाने वळून पाहिलं नाही. ओंजळ घट्ट मिटून ती पलीकडच्या काठाकडे बघत राहिली.

गाडी नदीच्या मध्यावर आली तेव्हा मागून जमादाराचा आवाज आला. तो रागावलेला नव्हता, घरच्यासारखा होता.

"मेहमान के जूते उतारो रे."