नेहमीची पट्टी

भावोजींच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा मीच ताईच्या मागे लागून त्यांना आमच्या चाचणीत घेतलं. चांदीचे अतिसूक्ष्म कण लावलेली आमची नवी पट्टी अशा जखमांतले जंतू मारते का, हे पाहायचं होतं. निम्म्या रुग्णांना ती मिळणार, उरलेल्यांना दिसायला तशीच नेहमीची. कोणाला कोणती, हे माझ्या कपाटातल्या बंद पाकिटांत. तसं सांगितलं, तर भावोजी हसले. "मेहुणी असताना आपल्याला नवीच मिळणार!"

सातव्या आठवड्यात त्यांचा पाय कापावा लागला.

काल पाकिटं उघडली. नवी पट्टी लावलेल्या एकाचाही पाय गेला नव्हता. भावोजींना नेहमीची होती. संध्याकाळी ताईच्या घरी जाऊन मी दोघांना सांगितलं.

ताईने विचारलं, "तुला आधी बघून बदलता आलं असतं?"

"हो."

"अगं, तिने बदललं असतं तर दुसऱ्या कोणाचा तरी पाय गेला असता," भावोजीच म्हणाले.

"मग जाऊ द्यायचा होता," ताई म्हणाली.

मी मान खाली घातली. पाकीट उघडल्यापासून माझंही मन तेच म्हणत होतं.