आठ जहाजं, एक पुंजणं

पुंजणं अजून धुमसत होतं. दोन एकरांतलं धान कापून, भारे बांधून, चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, शेतातल्या बांधीत रचून ठेवलेलं. पहाटे त्याला काडी लागली आणि आता तिथं काळ्या राखेचा ढीग उरला होता. रुचिता त्या ढिगाकडं बघत उभी होती.

"अर्ज मांगं घे, माय," तिचा बाप परसराम म्हणाला. "तीन वाजेपर्यंत टाइम हाय. आज पुंजणं जाळलं, उद्या घर जाळतीन."

"आधी पोलिसात त जाऊ, बाबा."

"पोलीस-गिलीस काई नाई. गाडी काढ."

रुचितानं सरपंचपदाचा अर्ज भरला होता. पंधरा वर्षं ग्रामपंचायत श्यामरावच्या खिशात होती. यंदा जागा बायकांसाठी राखीव झाली, तशी त्यानं आपल्या बायकोचं नाव पुढं केलं आणि बिनविरोध म्हणून पेढेही सांगून ठेवले. अड्याळला कॉलेजात इतिहास शिकवणारी परसरामची पोरगी मध्येच कडमडेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

शेताच्या धुऱ्यावर गाव जमलं. सगळ्यांची नजर श्यामरावच्या घराकडं गेली. नाव घ्यायची गरजच नव्हती. झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, पुंजणं जळालं की माणसं फक्त वैरी शोधतात. माणूस उपाशी मरेल, पण स्वतःच्या धानाला काडी लावणार नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आई लीलाबाईनं तिचे हात घट्ट धरले. "हे खुर्ची-गिर्ची आपल्यासाठी नोहे, माय. तू जित्ती राय, बस."

बापलेक गाडीवरून पवनीच्या तहसीलला निघाले. मागून एखादी मोटरसायकल आली की रुचिताची मान आपोआप वळायची. भीती कशी असते ते आजवर तिनं मुलांना पुस्तकातून शिकवलं होतं. आज ती गाडीच्या हँडलवर बसून सोबत आली होती.

तहसीलच्या व्हरांड्यात गर्दी होती. माघारीच्या अर्जावर नाव, गाव, पद सगळं लिहून झालं. सही तेवढी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. परसराम तिच्या पेनकडं बघत उभा होता, डोळ्याची पापणी न लववता.

पेन कागदाला टेकलं आणि तिला उद्याचा तास आठवला. पंधराशे अठ्ठ्याऐंशी. स्पेनची सव्वाशेच्या वर जहाजं इंग्लंड गिळायला निघालेली. इंग्रजांच्या तोफांनी त्यांची रांग मोडेना. ती जहाजं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी राहिली, तेव्हा इंग्रजांनी आपलीच आठ जहाजं पेटवायचं ठरवलं. त्यांचा सरदार ड्रेक, त्यानं स्वतःच्या मालकीचं जहाज काढून दिलं. डांबर भरून, आग लावून ती आठही वाऱ्यावर सोडली. पेटलेली जहाजं येताना पाहून स्पेनवाल्यांची अशी गाळण उडाली, की त्यांनी नांगराचे दोर तोडले आणि वाट फुटेल तिकडं पळाले. गंमत म्हणजे आगीनं त्यांचं एकही जहाज जळलं नाही. नांगर मात्र गेले, रांग मोडली आणि लढाई हातची गेली.

एम.ए. करताना हे तिनं बांधीवर बसून मोठ्यानं वाचलं होतं. परसराम भारे बांधता बांधता थांबला होता. "आपलंच जहाज जाळलं? कायले?"

"जाळायसाठी नाई, बाबा. भेवाडायसाठी."

"लय मोठ्या काळजाचा मानूस," तो म्हणाला होता आणि कितीतरी वेळ नुसता मान हलवत राहिला होता.

रुचितानं पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. आता काय करायचं ते कळलं होतं.

"सही कर ना, माय," परसराम म्हणाला. मग विनवलं. मग हात जोडले. भर व्हरांड्यात, लोकांसमोर. ती हलली नाही. तीन वाजले. शिपायानं दार ओढून घेतलं.

परसराम पायरीवर मटकन बसला.

"भेऊ नको, बाबा," ती त्याच्याजवळ बसली. "श्यामरावनं भेवाडायसाठी आग लावली. आपन दोर तोडला नाई, बस झालं."

"आग श्यामरावनं नाई लावली."

"मंग?"

"म्या लावली." त्यानं मान वर केली नाही. "त्या तुया इंग्रजानं आपलंच जहाज देल्लं होतं ना? म्हटलं, आपनही देऊ. तू भेवशीन, मांगं फिरशीन."

रुचिताला हसावं की रडावं कळेना. वर्षाचं धान गेलं होतं, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हणजे वैरी नव्हताच. सकाळपासून ती जिला घाबरत होती, ती काडी घरातलीच होती. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय बाबा तू! मंग श्यामरावनं त काईच नाई केलं."

"नाई," परसराम म्हणाला. "काल घरी आला, चहा पेला. जाताना इतकंच इचारून गेला, 'तुयी पोरगी कॉलेजातून रोज एकटीच येते का?'"