कणकेचा पाव

भाकरीच्या पिठात बायको उकळतं पाणी घालते, एवढंच मी आजवर स्वयंपाकघरात पाहिलं होतं. म्हणून पाव फुगवायच्या यीस्टवरही मी तसंच पाणी ओतलं. यीस्ट मेलं आणि कणीक दगडासारखी बसून राहिली. पुस्तकात ‘कोमट’ असं स्पष्ट लिहिलं होतं. जन्मभर वाचनात घालवून मला एक साधा शब्द नीट वाचता आला नव्हता.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मला पोळ्या लाटता येत नाहीत, म्हणून कणकेचा पाव करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या खेपेला कणीक फुगली. ओव्हनचं दार मी भीत भीत उघडलं, तेव्हा घरभर खरपूस वास सुटला.

पहिल्या स्लाइसला लोणी लावून ती तिच्यापुढे ठेवली. टेबलावर पसरलेला पेपर वाचत ती डाव्या हातानं खात राहिली. मी समोर उभाच होतो.

“कसा झालाय गं?”

“मीठ कमी आहे,” ती मान वर न करता म्हणाली.

“आणि बाकी?”

“बाकी काय? बेचाळीस वर्षं तुम्ही पुस्तकातून डोकं न काढता मला एवढंच सांगत आलात. कधी बाकीचं बोललात?” तिनं पान उलटलं. “चहा ठेवा आता.”

आत जाऊन मी पावाचा तुकडा तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं.

तिच्या हातचंही बहुधा बरोबरच असायचं.