आमेनपर्यंत

"बाबा, मी इथं राहू का?" लेकीने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, आणि बापाने डोळे मिटून घेतले.

झालं. आईने हातातला ग्लास ओट्यावर आदळला. आता याची नमो मारियाची प्रार्थना संपेपर्यंत पोरीने बॅग घेऊन दारात ताटकळायचं.

बाप प्लंबर होता. चर्चच्या अख्ख्या धर्मग्रामात त्याला 'तोफ' म्हणत. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर कोणी नुसतं "काय, बरंय ना?" विचारलं तरी हा अंगावर यायचा. मग एकदा तो पापनिवेदनाला गेला आणि फादरांनी त्याला प्रायश्चित्त दिलं, की रागाने उत्तर देण्याआधी एक नमो मारिया म्हणायची. निदान फादर 'रागाने' म्हणाले असणार, याबद्दल आईची खात्री होती. याने मात्र नेमका तेवढाच शब्द गाळला आणि बाकीचं घट्ट धरून बसला. भाजीत मीठ कमी आहे का? नमो मारिया. छत्री नेताय का? नमो मारिया. एका गिऱ्हाइकाने घाबरून फोन केला, कुठला कॉक बंद करू म्हणून, तर याची प्रार्थना होईतो पाणी मोरीतून त्यांच्या दिवाणखान्यात पोचलं. आईने फादरांना गाठलं. ते म्हणाले, पापनिवेदनातलं मला काही बोलता येत नाही. मग तिने नवऱ्यालाच फैलावर घेतलं. तो आधी ओठ हलवत बसला आणि मग शांतपणे म्हणाला, राग येणार की नाही हे तोंड उघडायच्या आधी कसं कळणार? ती आणखीच वैतागली.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसत होता तो स्टुलावर बसलेला बाप, त्याच्या हातातला नळ, आट्यांवर अर्धवट गुंडाळलेली पांढरी टेप आणि मिटलेले डोळे. मागच्या वेळी ती नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा बॅग खाली टेकायच्या आत तोफ उडाली होती. देवाने जोडलेलं तू कोण तोडणारी, आल्या पावली परत जा. ती गेली होती. या वेळी तिच्या मनगटाला पट्टी होती. कशी लागली, हे आईने विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कळलं," असं म्हणून लेकीने बॅग उचलली. कोपऱ्यावर टॅक्सी उभी होती. तिने ती सोडलीच नव्हती.

"थांब जरा. नाही म्हणत नाहीयेत ते. प्रार्थना म्हणतायत."

"माझ्यासाठी?"

"कसली तुझ्यासाठी? बोलता यावं म्हणून. आमेनपर्यंत थांब. नाहीतर तू ये गं आत, मी सांगते ना."

लेक हलली नाही. मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस, ती म्हणाली. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

आईला तेही पटलं, म्हणूनच तिला दोघांचाही राग आला. पोर आज त्या टॅक्सीत बसली तर या दारात पुन्हा यायची नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि हा बसलाय पुटपुटत.

ओठ थांबले. बापाने डोळे उघडून लेकीकडे पाहिलं. त्याच्या मानेची शीर टरारून फुगली. ती शीर आई लग्नापासून ओळखत होती. आलं, जुनंच उत्तर आलं. बापाने तोंड उघडलं, तसंच मिटलं, डोळेही मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आता काय दुसरी?" आईच्या तोंडून निघून गेलं. याला गदागदा हलवावं असं तिला वाटलं. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. लेकीने एक पाऊल मागे घेतलं. बाप एकेक शब्द चावल्यासारखा म्हणत होता, घाई नाही, काही नाही. त्याच्या मांडीवरून टेप उलगडत जमिनीवर चालली होती.

अखेर ओठ थांबले.

"दार लावून घे," तो म्हणाला.

लेकीने विचारलं, "बाहेरून की आतून?"

घ्या, आता यालाही एक. आई कपाळाला हात लावणार, एवढ्यात तो बोलला.

"आतून."

त्याआधी त्याचे ओठ हलले नव्हते. आईची नजर त्यांच्यावरच होती, इतके दिवस तिचा तोच उद्योग झाला होता. लेक आत आली. आईने खिडकीतून हात हलवून टॅक्सीवाल्याला जायला सांगितलं आणि लेकीने धडधाकट हाताने दाराला कडी घातली. तेव्हा कुठे बापाला तिचं मनगट जवळून दिसलं. तो ते बघत राहिला. हातातला नळ त्याने बाजूला ठेवला, मोठ्या पान्याकडे हात जाऊ नये म्हणून त्याच्यापासून दूर. मग त्याने डोळे गच्च मिटले आणि त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"आता कोणाला उत्तर द्यायचंय त्यांना?" लेकीने हळूच विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला," आई म्हणाली. "तू बस. याला वेळ लागेल."