गिअरवरचा हात

"फिरवा आता," मिस्त्री म्हणाला.

लाँड्रीवाल्याने मूठ धरली. दाराला असते तशी गोल मूठ. मिस्त्रीने ती भंगारातल्या एका ट्रॅक्टरवरून काढली होती आणि जुन्या व्हॅनच्या स्टेअरिंगवर पट्टीने आवळून बसवली होती. हाताबरोबर ती जागच्या जागी फिरायची. एरवी हे स्टेअरिंग दोन हातांनाही दाद देत नसे. आता एकट्या उजव्या हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. लाँड्रीवाल्याचा चेहरा असा फुलला, की शेजारच्या सीटवर बसलेल्या त्याच्या बायकोला वाटलं, लग्नातसुद्धा हा माणूस एवढा खुलला नव्हता.

"वळताना धरायची, वळून झालं की सोडायची," मिस्त्रीने बजावलं. "स्टेअरिंग सरळ होताना आपणहून उलटं फिरतं. धरून बसलात तर मनगट जाईल, दादा."

कपडे पिळायच्या यंत्रात सापडल्यापासून लाँड्रीवाल्याच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. व्हॅन दारात उभी होती. हॉटेलांच्या चादरी भाड्याच्या टेम्पोने जात होत्या, आणि हा खिडकीत बसून टेम्पोवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता, म्हणजे मोडता येतील तेवढी.

त्याने चावी फिरवली. इंजिन धडधडलं. त्याने क्लच दाबला, आणि मग तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. गिअर डाव्या हाताला होता. इतके दिवस दोघा बाप्यांनी स्टेअरिंगवर डोकं चालवलं होतं. गिअरची आठवण एकालाही झाली नव्हती. मिस्त्रीने जीभ चावली. लाँड्रीवाल्याचा चेहरा उतरला.

बायकोने हात पुढे केला, जरा कचरली, आणि गिअरचा दांडा पहिल्यात ढकलला. व्हॅन हलली.

"तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"शिकवायचंय काय त्यात? रोज सकाळी तुम्ही निघायचात. दारात पहिला, पिठाच्या गिरणीपाशी दुसरा, वळणावर तिसरा. इस्त्री करताकरता ऐकायचे मी." ती थोडी थांबली. "त्याच्या पुढचं ऐकू यायचं नाही."

त्याच्या पुढचं तिने फक्त धुतलं होतं. एका हॉटेलच्या चादरींना औषधी तेलाचा वास यायचा, एकाच्या उशांना कायम लिपस्टिकचे डाग. किनाऱ्यावरच्या लॉजचे गठ्ठे सोडले की फरशीवर वाळू सांडायची. लग्न झाल्यापासून ती ती वाळू झाडत आली होती, आणि समुद्र तिने पाहिला नव्हता. सुरुवातीला तिने विचारलं होतं, "मी येऊ का?" तो म्हणाला होता, "सीटवर गठ्ठे असतात, तू कुठे बसणार?" खोटं नव्हतं ते. मग तिने विचारणं सोडलं. वाटणं काही सुटलं नाही.

आता गठ्ठे मागे गेले आणि ती पुढे आली. इस्त्री नणंदेने अंगावर घेतली, तीही टोमणे मारत. "क्लच," तो म्हणे, आणि ती गिअर टाके. काही दिवसांनी त्याला म्हणावंही लागेना. इंजिन कण्हलं की तिचा हात आपोआप दांड्यावर जाई. लॉजपाशी पहिल्यांदा पोचले तेव्हा ती काखेत गठ्ठा घेऊन नुसती उभीच राहिली.

"अगं, लाटा येतायत. चादरी भिजतील!"

"भिजू देत. धुणारी मीच आहे ना?"

तो हसला. परतताना त्याने व्हॅन लांबच्या रस्त्याने घेतली.

एकच गोष्ट तिला आतून खात होती. डॉक्टर म्हणाले होते, रबरी चेंडू दाबत राहा, बोटं हळूहळू मिटतील. बोटं मिटली की स्टेअरिंगवरची मूठ निघणार, आणि तिची जागा पुन्हा इस्त्रीच्या टेबलामागे. ती रोज त्याला विचारायची, "चेंडू दाबला का?" तो म्हणायचा, "दाबतोय, पण काही उपयोग नाही." हे ऐकून तिला हायसं वाटायचं. स्वतःच्या नवऱ्याचा हात बरा होऊ नये असं वाटणारी बाई कसली, म्हणून मग दिवसभर तिची तिलाच लाज वाटायची.

त्या सकाळी शेवटचा गठ्ठा घेऊन ती बाहेर आली. तो आधीच गाडीत बसला होता, दाराकडे पाठ करून, स्टेअरिंगवर वाकून. त्याच्या डाव्या हातात पाना होता. बोटं पान्याभोवती घट्ट मिटलेली होती, जोर लावून लावून पांढरी पडलेली.

संपलं, तिला वाटलं. मूठ काढतोय.

तिने नीट पाहिलं. पाना उलटा फिरत नव्हता. इतक्या वळणांनी सैल झालेली ती पट्टी तो पुन्हा आवळत होता. आवळून झाल्यावर त्याने मूठ हलवून पाहिली, आणि आणखी एक पिळा दिला.

गठ्ठा छातीशी धरून ती पाऊल न वाजवता उंबऱ्यापर्यंत मागे गेली, तिथून मुद्दाम मोठ्याने खोकली, आणि त्याला मिटलेली बोटं पुन्हा ताठ करून हात मांडीवर ठेवायला पुरेसा वेळ मिळेल अशा बेताने सावकाश चालत गाडीत येऊन बसली.