पाळण्याची फळी

धाकूनं अंगण पालथं घातलं, पण फळी कुठंच नव्हती. सकाळी मिठागरावर जाताना त्यानं ती शेवग्याला टेकून ठेवली होती. आता शेवग्याखाली ओला चिखल होता, डांबराचे काळे पोपडे होते, आणि घासून घासून झिजलेली नारळाची शेंडी पडली होती.

आदल्या दिवशी ओहोटी लागल्यावर ती फळी त्याला खाडीच्या चिखलात दिसली. लांबरुंद, सागाची. वरून डांबरानं आणि गाळानं माखलेली, पण आत लाकूड सोन्यासारखं. बाळकुम गावात रीत अशी, की वाहून आलेल्या लाकडावर जो आधी दगड ठेवील त्याचं ते लाकूड. धाकू गुडघाभर चिखल तुडवत गेला, दगड ठेवला, आणि आसपास चिटपाखरू नसताना मोठ्यानं ओरडला, "फली आपली!"

धाकू काही सुतार नव्हे. घर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारं. पण हातात पटाशी आली की त्याची तहानभूक हरपायची. त्याच्या पाटावर बसलेला माणूस जेवताना डुलायचा, आणि त्यानं कोरलेल्या लाकडी डावातलं कालवण ताटापेक्षा जमिनीवरच जास्त पडायचं. तो नवीन काही करायला बसला की त्याची बायको ठमाबाई देवाला हात जोडायची. गेल्या दिवाळीनंतर मुलानं, महिपतनं, आपला मिठाचा मचवा डागडुजीला पाण्याबाहेर काढला. तेव्हा धाकूनं त्याच्या पुढच्या टोकाच्या फळीवर पोपट कोरला. पटाशी निसटली आणि चोच वाकडी गेली.

"बाबा, यो पोपट नाय, कोंबरी हाय!" महिपत हसून हसून खाली बसला होता. पण फळी काही त्यानं बदलू दिली नाही. पुढे डांबराचा हात फिरला, पोपट झाकला गेला, तरी खाडीवरचे लोक त्या मचव्याला कोंबडीच म्हणत.

मुंबईहून ठाण्याला आगीनगाडी येऊ लागल्याला वर्षं लोटली होती, पण बाळकुमचं मीठ अजून मचव्यानंच जाई. पावसाळ्याआधीची शेवटची खेप घेऊन महिपत मुंबईला गेला होता. मध्ये वारा फार पिसाळला. "पोरगा कवाच बंदराला लागला असंल," असं धाकू ज्याला त्याला सांगत होता, कोणी विचारलं नाही तरी. घरात सून सगुणा दिवस भरून बसली होती. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. महिपत परत यायच्या आत पाळणा तयार करायचा, असं धाकूनं मनाशी पक्कं केलं होतं.

ठमाबाईला ते मुळीच पसंत नव्हतं. मूल जन्मायच्या आधी पाळणा करू नये, अपशकुन होतो, असं तिचं म्हणणं. "ती फली जरा घासून ठेव गो," असं सकाळी तो निघताना म्हणाला, तेव्हाही तिनं नाकच मुरडलं होतं.

आता घरामागून धूर येत होता. धाकू तिकडे गेला. दुपार टळली होती, आंघोळी कधीच उरकल्या होत्या, आणि न्हाणीची चूल मात्र धडधडत होती. ठमाबाई पुढ्यात बसून लाकडं आत सारत होती. बाजूला कुऱ्हाड पडली होती. भोवती सागाच्या ढलप्या होत्या.

धाकूच्या मस्तकात तिडीक गेली.

"फली जाललीस? माज्या नातवाचा पालना जाललास? त्या शकुन-अपशकुनापायी? एवऱ्या पान्यात काय म्हशी न्हानायच्या हायत?"

ठमाबाईनं आणखी एक ढलपी आत सारली. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई. तिचे डोळे लाल झाले होते, पण चुलीपुढे कोणाचे होत नाहीत?

एक तुकडा अजून पुरता पेटला नव्हता. ओलं लाकूड, नुसतं धुमसत होतं. निदान एक खुळखुळा तरी होईल म्हणून धाकूनं चुलीत हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ठमाबाई म्हणाली. आवाज तिचा वाटलाच नाही.

त्यानं ऐकलं नाही. तुकडा बाहेर ओढला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं. काजळी त्यानं अंगठ्यानं पुसली.

अंगठ्याला खाच लागली. मग तिच्या शेजारी दुसरी. धाकू पुसत राहिला आणि मग पुसायचा थांबला. स्वतःच्या हातचं काम माणूस आंधळा झाला तरी ओळखतो. काजळीतून एक वाकडी चोच वर आली होती.

तो होता तिथे बसला. छाती फुटेल असं वाटून त्यानं ओरडायला तोंड उघडलं, तोच ठमाबाईचा राखेनं भरलेला हात त्याच्या तोंडावर घट्ट बसला. दुसऱ्या हातानं तिनं घराकडे बोट केलं. सकाळपासून ती हे एकटीच उरात घेऊन बसली होती, लाकूड फोडत होती, जाळत होती, आणि वरून त्यानं तिलाच बोल लावले होते.

"बाबा," आतून सगुणानं हाक मारली, "पालन्याची फली गावली का?"

धाकूनं ठमाबाईचा हात हळूच तोंडावरून काढला. तुकडा परत चुलीत सारला, चोच विस्तवाकडे करून.

"गावली, पोरी," तो म्हणाला. "पन ती आपली नव्हती."