रजेची तारीख

अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धेच्या शुश्रूषेसाठी मावशी तिच्याच घरी मुक्कामाला असत, आणि त्यांना तीन महिन्यांतून एकदाच चार दिवसांची रजा मिळे. तोपर्यंत मावशी आणि घरी राहिलेली त्यांची लेक फोनवरच्या एका खेळातील गावात भेटून दुधाची तहान ताकावर भागवीत. त्या दुपारी मात्र खेळातील लेकीच्या घराचे फाटक काही केल्या उघडेना. मावशींनी तत्काळ लेकीला फोन लावला.

"अगं चिमणे, फाटक का लावून घेतलंस?"

"मी नाही लावलं! मी फोनची तारीख अडीच महिने पुढे ढकलली. माझ्याकडे तुझी रजा सुरू झाली. तूही ढकल, दोघींच्या तारखा जुळल्या की उघडेल."

"भलतीच शहाणी आहेस!" असे म्हणत मावशींनी तारीख बदलली. फाटक उघडले. पडद्यावरच्या दोन बाहुल्या झाडाखाली एकमेकींना खेटून बसल्या.

"मावशी, कूस बदलायचीय हो," आतून हाक आली.

"आले, आजी!" खांदा व कान यांच्यामध्ये फोन धरून मावशींनी त्या वृद्ध देहाला अलगद कुशीवर वळविले. "चिमणे, ठेवते आता."

"थांब ना, आई! तुझी रजा चार दिवसांत संपेल ना, त्यावर मी युक्ती काढलीय. रोज सकाळी आपण दोघींनी तारीख एक दिवस मागे घ्यायची. मग रजेचा पहिलाच दिवस राहील आणि तुला माझ्या घरून कधी निघताच येणार नाही."